बिनहुकमाचा मानकरी

नववीच्या नागरिकशास्त्रात इंग्लंडच्या राज्यकारभाराचा एक धडा होता. रटाळ म्हणजे किती रटाळ! दुपारच्या तासाला तो शिकवायचा म्हणजे पोरींच्या आधी मलाच जांभया यायच्या. कायदे संसद करते, कारभार मंत्री करतात आणि राणी त्यावर सही करते. राणीला सही नाकारता येते का? कागदावर येते. नाकारते का? नाही बाई, नाकारत नाही. इथवर आलं की मागच्या बाकावरून कुणीतरी विचारायचंच, "बाई, मग राणी पाहिजेच कशाला?" पुस्तकात त्याचं चार ओळींचं उत्तर होतं, ते मी फळ्यावर लिहून द्यायचे. पण लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर राणीबिणी काही यायची नाही. यायचे ते आमच्या इमारतीतले, तळमजल्यावरचे परबांचे आबा.

विश्राम परब त्यांचं नाव. मुलुंड पूर्वेला आमची तीन मजली इमारत. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, आबा खाली, आणि त्यांच्या शेजारची खोली त्यांच्या गावच्या मंडळाची. कोकणातल्या त्या एका गावची माणसं भांडुपपासून वाकोल्यापर्यंत विखुरलेली, बहुतेक सगळी गिरणीत. गावाहून नवा आलेला पोरगा आधी या खोलीत वळकटी टाकायचा आणि मग नोकरी शोधायचा. मंडळाला अध्यक्ष होता, सेक्रेटरी होता, खजिनदार होता. दरवर्षी निवडणूक व्हायची, तीत आरडाओरडा व्हायचा, एखाद्या वर्षी खुर्चीसुद्धा उडायची. म्हणजे लोकशाही अगदी पुरेपूर होती. पण या सगळ्यांच्या वर म्हणा, बाजूला म्हणा, एक मानकरी होता. त्याला कुणी निवडून देत नसे. गावात परबांच्या त्या घराचा मान होता, तो बापाकडून आबांकडे आला आणि आबांबरोबर मुंबईत आला.

या मानकऱ्याला अधिकार काय, तर काही नाही! सभेत बोलायचं नाही, मताला हात वर करायचा नाही, कुणाला हुकूम सोडायचा नाही. सभा संपली की देवाच्या तसबिरीपुढे नारळ हातात घेऊन उभं राहायचं आणि गाऱ्हाणं घालायचं. म्हणजे सभेत जे ठरलं ते देवाच्या कानावर घालायचं आणि गावाचं भलं मागायचं. आबांनी एकेक वाक्य म्हणायचं, बाकीच्यांनी एका सुरात "होय म्हाराजा!" म्हणायचं. पण गंमत अशी, की गाऱ्हाण्यात पडल्याशिवाय कुठलाही ठराव खरा नव्हे. कागदावर सगळ्यांच्या सह्या असल्या तरी नव्हे. आणि ठरलेली गोष्ट मानकऱ्याने गाऱ्हाण्यात घातली नाही, असं आजवर कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

एक मुभा मात्र त्याला होती. नारळ उचलल्यावर, तोंड उघडायच्या आधी, सगळ्यांकडे वळून त्याने एकदा विचारायचं, "नीट इचार केल्यात मां?" एकदाच. लोक "होय" म्हणाले की विषय संपला.

एरवी आबांचा आवाज इतका बारीक, की रेशनच्या रांगेत त्यांच्या पुढे कुणी घुसला तरी त्याला कळायचं नाही हे काही बोलताहेत. गिरणीच्या साचेखात्यात, मागांवर, उभा जन्म गेलेला. यंत्रांच्या खडखडाटात बोलून उपयोग नसतो, म्हणून बोलायची सवयच गेली असावी. पण नारळ हातात आला की हाच माणूस असा काही आवाज लावायचा, की आमच्या गॅलरीचे गज थरथरायचे. "बा देवा म्हाराजा, तुझी लेकरां पोटासाठी दूरदेशी इली हत, तेंच्यावर नजर ठेव रे म्हाराजा!" माझे डोळे भरून यायचे. मी कोकणातली नाही, देवभोळी तर मुळीच नाही; तरी यायचे.

आबा कुणाच्याच बाजूचे नव्हते, आणि हे त्यांनी अंगात इतकं मुरवलं होतं, की त्यांच्या बायकोचं, म्हणजे काकींचं, डोकं फिरायचं. पत्ते खेळायचे नाहीत, कारण कुणाचा तरी भिडू व्हावं लागतं. क्रिकेटवरून पोरं हमरीतुमरीवर आली की आबांचं ठरलेलं, "दोघांय बरे खेळले." कोपऱ्यावर वडापावच्या दोन गाड्या होत्या. आबा एक दिवस इथे आणि एक दिवस तिथे. काकी कपाळाला हात लावून मला सांगायच्या, "ह्यांका इचारा, बांगडो बरो की सुरमय? सांगूचे नाय! मेल्या माशांका वायट वाटात म्हणून!" आबा नुसते हसायचे आणि मासा संपवायचे.

नारळ मात्र ते स्वतः आणायचे. बाजारात प्रत्येक नारळ कानाशी हलवून बघायचे, भाजीवाला वैतागून जाईपर्यंत. घरी आणून पायरीवर बसून सोलायचे, शेंडी नीट ठेवायची, बोटांनी पुसून गुळगुळीत करायचा. तेवढा वेळ त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही. त्यांची मुलगी शालू लहान होती तेव्हा ती एकटीच त्यांच्या मांडीला टेकून बसायची आणि काढलेल्या काथ्याच्या वेण्या घालायची. एकुलती एक. तिच्यावर आबांचा जीव किती, हे सांगायला नको. पण तिलासुद्धा "माझी पोर शहाणी" असं चारचौघांत म्हणायचे नाहीत. दुसऱ्यांच्याही पोरी होत्या ना तिथे.

विलायतेच्या राजपुत्राचं लग्न झालं त्या वर्षी पेपरात त्याचेच फोटो. मी पेपर घेऊन खाली गेले आणि म्हटलं, "आबा, बघा, तुमच्या जातभाईंच्या घरचं कार्य." त्यांनी चष्मा लावून फोटो नीट बघितला.

"बाई, ह्येची आवस राणी मां? ती काय काम करता?"

मी धडाच म्हणून दाखवला. मंत्री ठरवतात, ती सही करते.

"नाय केलान सही तर?"

"तर मग राणीपण राहायचं नाही, आबा."

"हां." त्यांनी फोटो पुन्हा एकदा बघितला. मग म्हणाले, "तिका बोलाक गावता काय?"

"खासगीत. सल्ला द्यायचा, धीर द्यायचा, फार तर सावध करायचं. ऐकायचं की नाही ते मंत्र्यांनी ठरवायचं."

आबांनी पेपराची घडी घातली. "मगे तिचा बरा आसा. आमका एकच डाव इचारूक मिळता."

मला हसू आलं. म्हटलं, "पण आबा, खरं सांगा, काय उपयोग तुमचा? ठरवतात ते लोक, तुम्ही नुसता नारळ धरता."

असल्या प्रश्नाचा त्यांना राग यायचा नाही. त्यांनी उत्तरही दिलं नाही. ते मला मंडळाच्या पुढल्या पूजेत मिळालं. मंडळात दोन सख्खे भाऊ होते, एक गोवंडीला राहायचा, एक मुलुंडलाच. गावच्या विहिरीवरून दोघांचं इतकं फाटलेलं, की एकाने दुसऱ्याच्या घरचं मयतसुद्धा केलं नव्हतं. अध्यक्षांनी समजावलं, सेक्रेटरीने समजावलं. समजावणाऱ्याला दोघंही म्हणत, तू त्याच्या बाजूचा. त्या पूजेत आबांनी काय केलं? काही नाही! नारळाचं ताट उचलायला दोन माणसं लागतात, त्यासाठी या दोघांना हाक मारली, बस. मानकऱ्याने हाक मारल्यावर नाही म्हणता येईना. दोघांनी दोन्हीकडून ताट धरलं, गाऱ्हाणं झालं, दोघंही नमस्काराला खाली वाकले, आणि वाकलेल्या धाकट्याच्या तोंडून हुंदका फुटला. संध्याकाळी दोघं भाऊ एका पंगतीत बसून वाटाण्याची उसळ खात होते. आबा मला नळावर भेटले तेव्हा म्हणाले, "माणूस माणसाक वाकणा नाय, बाई. नारळाक वाकता. म्हणान कोणीतरी नारळ धरूक व्हयो. आणि तो धरणारो कोणाचो असता नये."

त्या दिवशी मला धडा कळला, असं मी बरेच दिवस सगळ्यांना सांगत असे. अर्धाच कळला होता.

मग गिरण्यांचा संप झाला. त्याबद्दल मी काय सांगणार? ज्यांच्या घरात तो शिरला त्यांनीच सांगावं. आमच्या खालच्या खोलीत माणसं वाढत गेली, भाडं परवडेना म्हणून वळकट्या घेऊन येत गेली. सकाळी डबा घेऊन जाणारी माणसं दिवसभर पायरीवर बसून असायची. आबाही बसायचे. काकींनी कुठेकुठे पोळ्या लाटायची कामं धरली. आणि संप काही मिटेना. तेव्हा हळूहळू कुणी कुणी मान खाली घालून गिरणीच्या दारातून आत जाऊ लागला.

त्यात शालूचा नवरा होता. प्रकाश त्याचं नाव, त्यांच्याच गावचा, साधा सरळ पोरगा. दोघं वाकोल्याला राहायची. शालूला दिवस गेलेले, डॉक्टर म्हणाले अंगात रक्तच नाही. प्रकाश एका सकाळी उठला आणि कामावर गेला. कुणाला सांगितलं नाही, पण अशी गोष्ट लपते होय?

मंडळाची सभा बोलावली गेली. सेक्रेटरी होता दत्ताराम. त्याला मी दोष देणार नाही. त्याच्या घरची चूल दोन-दोन दिवस पेटत नव्हती हे मला माहीत होतं. अंगणातच सभा, म्हणून सगळं ऐकू येत होतं. दत्ताराम रडत रडतच बोलत होता, "आमी उपाशी ऱ्हवतो ते काय खुळे म्हणान? एक आत गेलो तर धा जातले!" ठराव असा, की जो कामावर जाईल त्याचं घर वाळीत. मंडळाच्या खोलीत त्याने यायचं नाही, त्याच्या घरचं पाणी कुणी प्यायचं नाही, त्याच्या घरच्या माणसाला आपल्या घरात घ्यायचं नाही. हात वर झाले. सगळे झाले. काही खाली बघत वर झाले, पण झाले.

शालूचं पहिलं बाळंतपण. माहेरी यायची होती. काकींनी डिंकाचे लाडू करायला कुठूनकुठून डिंक जमवून ठेवला होता, मला दाखवला होता. हे तिथल्या प्रत्येक माणसाला ठाऊक होतं. आबा उठले आणि त्यांनी नारळ उचलला. मी गॅलरीत गज धरून उभी होते. आबा लोकांकडे वळले.

"नीट इचार केल्यात मां?"

मला वाटलं, आता कुणीतरी एक म्हणेल, आबानूं, थांबा. एकानं म्हटलं असतं तरी पुरलं असतं, असं मला अजून वाटतं. दत्ताराम सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसत होता. "होय," तो म्हणाला. मग सगळे म्हणाले.

आबा देवाकडे वळले आणि त्यांनी गाऱ्हाणं घातलं. आवाज कुठे हलला नाही. "जो गावाची वाट सोडून गेलो, तेचा घर आजपासून गावाक बंद आसा रे म्हाराजा!" "होय म्हाराजा!" आतून काकींची किंकाळी आली, आणि आबांनी पुढचं वाक्य म्हटलं.

मी तरातरा खाली गेले. माझा स्वभाव तुम्हाला आत्तापर्यंत कळला असेल. लोक पांगले होते, आबा पायरीवर बसले होते.

"आबा, हे तुम्ही काय केलंत? तो नारळ फेकून द्यायचा होता!"

"नारळ माझो नाय, बाई."

"मुलगी तर तुमची आहे ना? कुणाला असं वाळीत टाकणं देशाच्या घटनेत बसत नाही, कळतंय का तुम्हाला?"

"नसात बसत." ते माझ्याकडे बघत नव्हते. "पण मागे आमच्या शांतारामाचा घर ह्याच नारळान भायर काढलंय. तेकाय पोर होती. तेव्हाय मी इचारलंय, लोक होय म्हणाले, मी गाऱ्हाणा घातलंय. आता माझ्या पोरीसाठी नारळ खाली ठेवू? मगे शांतारामाच्या पोरीक काय सांगू? आणि उद्या दोन भाव भांडले, तर ते माझ्यासमोर येतले काय?"

"तुम्हाला चूक वाटतंय का बरोबर, तेवढं सांगा!"

"मी इचारलंय मां तेंका," आबा म्हणाले, आणि उठून आत गेले.

मी इतकी चिडले, की बरेच दिवस त्यांच्याशी बोलले नाही. आणि त्याच दिवसांत एका दुपारी शालू आली. प्रकाशने फाटकापाशी पिशवी खाली ठेवली आणि तो तिथूनच मागे फिरला. शालू पोट सावरत अंगणातून आली. मंडळाच्या खोलीच्या दारात माणसं उभी राहिली. ती आपल्या घराच्या दारापाशी थांबली. आत आबा होते, काकी होत्या. दार उघडंच होतं. कुणी ये म्हणालं नाही, आणि तिने उंबरठ्यात पाऊल टाकलं नाही. तिने पिशवी उचलली आणि ती जिना चढू लागली. कुठे चाललो आहोत हे तिलासुद्धा माहीत नसावं. आमच्या दारात माझ्या सासूबाई उभ्या होत्या. मला काही विचारायच्या भानगडीत त्या पडल्या नाहीत. म्हणाल्या, "आत ये गं. बाळंतिणीला गावबिव काही नसतं."

काकी संध्याकाळीच वर आल्या. येताना मंडळाच्या खोलीपुढे थांबून त्यांनी सगळ्यांना ऐकवलं होतं, "माकाय वाळीत टाका! बघूया, माझ्या हातचो चाय कोण सोडता तो!" सगळी खोली त्यांच्या हातचा चहा पिऊन जगत होती. त्यानंतर काकी जिना चढायला लागल्या की खोलीतली माणसं दुसरीकडे बघायची. मी म्हटलं, मग आबांनीही यावं की! काकी म्हणाल्या, "माका म्हणाले, तू जा, माका इचारू नको. पण ते येवचे नाय. तेंच्या तोंडान झाला मां ता."

शालूला मुलगी झाली. आमच्याच हॉलमधे कडीला पाळणा टांगला, माझी मुलं वाढली तोच. तेरा वर्षांच्या मुलीसारखी दिसायची शालू बाळंतपणानंतर, एवढीशी. आणि पोरगी रडायला लागली की सगळ्या इमारतीला ऐकू जायचं. खाली आबांना जात असणारच. पहाटे नळावर पाणी भरायला यायचे ते बादली भरून वाहायला लागली तरी तिथेच उभे असायचे. वर मात्र बघायचे नाहीत. आमच्या गॅलरीच्या दोरीवर दुपटी वाळत असायची, तिकडेही नाही. एकदा त्यातलं एक उडून खाली अंगणात पडलं, नेमकं आबांपुढे. मी वरून बघत होते. त्यांनी ते उचललं, झटकलं, कडांना कडा जुळवून त्याची घडी घातली. मग ते घेऊन जिन्यापाशी आले आणि पहिल्या पायरीवर ठेवून परत गेले. मी ते आणायला गेले तेव्हा माझा राग गेला होता. राग गेला आणि नुसतं वाईट वाटायला लागलं, ते अजून वाटतं.

सव्वा महिना झाल्यावर प्रकाश शालूला न्यायला आला. तो फाटकापाशीच थांबला. शालूने बाळाला टोपडं घातलं, काजळाची तीट लावली, सासूबाईंना वाकून नमस्कार केला. मी पिशवी घेऊन तिच्यामागे होते. खाली अंगणात आबा उभे होते. मुद्दाम उभे होते की नेमके सापडले, मला सांगता येणार नाही. मंडळाच्या खोलीच्या दारात दत्ताराम आणि इतर सगळे.

शालू आबांसमोर जाऊन थांबली. बाळाला तिने दोन्ही हातांवर पुढे केलं.

"बाबा," ती म्हणाली, "घेऊ नका. बघा तरी."

आबांचे हात पुढे आले. खरंच आले, मी बघितलं. अर्ध्यात आले, आणि मग त्यांनी ते मागे नेऊन पाठीशी बांधले. नजर त्यांची नळावर होती. बाळ जांभई देत होतं. शालू किती वेळ तशी उभी होती कुणास ठाऊक. शेवटी दत्तारामालाच ते बघवेना, तो आत निघून गेला. मग शालूने बाळाला छातीशी घेतलं आणि ती फाटकाकडे चालू लागली. मागे वळून बघितलं नाही तिने. मी बघितलं. आबा तसेच उभे होते, हात पाठीशी.

संप मिटला असं कुणी सांगितलंच नाही. तो नुसता विरून गेला. काहींना कामावर घेतलं, बहुतेकांना नाही. दत्ताराम एका वर्कशॉपमधे लागला. आबा मुलुंडच्याच एका छोट्या कारखान्याच्या दारावर रखवालीला स्टूल टाकून बसू लागले. प्रकाशचीही नोकरी टिकली नाहीच. तो शालूला आणि पोरीला घेऊन सुरतेला गेला, तिथल्या मागांवर कामाला. ज्याच्यासाठी एवढं केलं ते कुणाच्याच हाती लागलं नाही.

पुढल्या वर्षीच्या सभेत दत्तारामानेच ठराव मांडला, की वाळीत टाकलेली सगळी घरं परत घ्यावीत. सगळे हात वर झाले, या वेळी पटापट. आबांनी नारळ उचलला, विचारलं, "नीट इचार केल्यात मां?" आणि एवढ्या मोठ्याने "होय!" आलं, की अंगणातले कावळे उडाले. "चुकला माकला पोटात घाल, घरची पोर घराक येवंदे रे म्हाराजा!" इथे आबांचा आवाज चिरकला. मी तो चिरकलेला पहिल्यांदाच ऐकला. काकी दुसऱ्याच दिवशी सुरतेला गेल्या, आनंदाची बातमी घेऊन.

परत आल्या त्या एकट्याच. माझ्या स्वयंपाकघरात बसून रडत रडत त्यांनी सांगितलं. शालू म्हणाली होती, "ज्या नारळाने मला बाहेर काढलं, त्याच नारळाने आत यायचं? मला नाही यायचं. आई, तू ये, हवी तेवढी राहा. बाबांना सांग, त्यांनी येऊ नये." पोरगी चालायला लागली आहे, सगळ्यांकडे जाते, कुणीही उचललं तरी हसते, असंही काकींनी सांगितलं. हे सगळं आबांनाही सांगितलं का, असं मी विचारलं. म्हणाल्या, "सांगलंय. आयकल्यानी. काय इचारूक नाय."

त्या वर्षी धडा शिकवताना एका पोरीने नेहमीचा प्रश्न विचारला, राणी पाहिजेच कशाला. मी चार ओळी लिहून दिल्या. मग खडू ठेवला आणि म्हटलं, "कुणाचीच नसलेली एक व्यक्ती सगळ्यांना लागते, म्हणून. आता असं कुणाचंच नसणं घरात कसं वाटत असेल, ते पुस्तकात नाही." पोरी माझ्याकडे बघतच राहिल्या. हे परीक्षेत येणार का, असं एकीने विचारलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी एका रविवारी दुपारी आमची बेल वाजली. काकी सुरतेला होत्या. दारात आबा. इतक्या वर्षांत ते आमच्या घरी कधी आलेच नव्हते. तळमजल्यावरच सगळी बोलणी व्हायची. अंगात पांढरा सदरा, मानाच्या दिवशी घालायचे तो. हातात सोललेला नारळ, शेंडी नीट ठेवलेला. जिना चढून दम लागला होता.

"येव काय?" त्यांनी विचारलं.

"अहो, या ना, आबा! बसा."

ते बसले नाहीत. हॉलमधे उभे राहून इकडेतिकडे बघत राहिले.

"बाई, पाळणो खंय होतो?"

मी बोट वर करून छताची कडी दाखवली. पाळणा कधीच काढून ठेवला होता. नुसती लोखंडी कडी होती, दोरीने घासून एका बाजूला चकचकीत झालेली. आबा तिच्याखाली जाऊन उभे राहिले. मान वर करून खूप वेळ बघत होते. मग नारळ एका हातात धरून त्यांनी दुसरा हात पुढे केला, कमरेच्या उंचीवर, जिथे पाळण्याची कड यायची तिथे. हात थोडा पुढे नेला, थोडा मागे आणला. पुन्हा नेला, पुन्हा आणला.

मग त्यांनी दोन्ही हातांत नारळ धरला. छाती भरून श्वास घेतला, गाऱ्हाण्याला घ्यायचे तसा. मी वाट बघत होते. ओठ हलत होते, गळ्याची शीर फुगली होती, पण आवाज काही येईना. गावाचं सगळं त्या गळ्यातून निघालं होतं. स्वतःचं काही मागायची वेळ आली तर एक शब्द फुटेना. ते ओठ हलवत राहिले, आणि मग थांबले, आणि नारळ धरून तसेच उभे राहिले. बाकीच्यांनी म्हणायची वेळ आली होती, आणि बाकीचं तिथे कुणी नव्हतं. मी होते.

मी म्हटलं, "होय म्हाराजा."